विचारपूस करणारे सूर्यभानजी

पूजेच्या सोळा उपचारांत पहिला उपचार आवाहनाचा. आसन, पाद्य, अर्घ्य, स्नान, गंध, पुष्प हे सारे त्याच्या मागून येणारे; आधी ‘ये’ म्हणायचे, मग बसायला द्यायचे. हा क्रम ज्यांनी लावला त्यांना माणसाच्या मनाचे चांगले ज्ञान असले पाहिजे. चराचर व्यापून उरलेल्याला कुठून यायचे असते? तरीही त्याला बोलवावे लागते, कारण बोलावण्याने बोलावणाऱ्याचे मन तयार होते. घरी आलेल्याचा सत्कार पुष्कळ जण करतात. आपण होऊन उठावे, दुसऱ्याच्या दारापर्यंत चालत जावे आणि तुमच्यावाचून अडले आहे असे त्याला सांगावे, हे मात्र थोड्यांना साधते. त्यासाठी आपले मोठेपण उंबऱ्याबाहेर ठेवावे लागते, आणि नकार ऐकूनही पुन्हा त्याच दारी जाण्याइतके अंतःकरण निर्मळ असावे लागते. या गुणाला नीतिग्रंथांत वेगळे नाव नाही. अकोल्याच्या जुन्या शहरातील एका मंडळाने त्याला विचारपूस असे साधेच नाव दिले होते, आणि ती करणारे गृहस्थ होते सूर्यभान खुमकर.

सूर्यभानजी एसटीत वाहक होते. तेहतीस वर्षे त्यांनी अकोला, बाळापूर, अमरावती, परतवाडा या मार्गांवर तिकिटे दिली. निवृत्तीनंतर अंगावरची खाकी उतरली. खांद्यावरची पिशवी मात्र उतरली नाही. तिकिटांच्या जागी तीत आता एक वही, पंचा आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली विड्याची पाने असत. वयाची पंचाहत्तरी पूर्ण झाली आणि सरकारी नियमाप्रमाणे एसटीचा प्रवास त्यांना विनामूल्य झाला, तेव्हा पत्नी दुर्गाबाई शेजारणीला म्हणाल्या, “आता तं झालंच. माह्या लग्नाले बावन वर्षं झाले. मी माहेरी चार दिवस राहिली तं यायनं कदी पुसलं नाही. अन् परतवाड्याचा सरावन एक रविवार चुकला का हे एसटी धरतेत.”

परतवाड्याचे श्रावणजी हे सौहार्द मंडळाचे जुने सभासद. हे मंडळ स्वातंत्र्याच्या सहा वर्षे आधी पाच जणांनी स्थापिले: एक जिनिंगमधला फिटर, एक शाळामास्तर, एक हकीम, एक रेल्वेचा गार्ड आणि एक शेतकरी. जातपात, धर्म, पक्ष यांचा विचार न करता परस्परांच्या अडीअडचणीला उभे राहायचे, एवढाच त्यांचा संकल्प. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी मोर्णा नदीजवळच्या एका टिनाच्या सभागृहात सभासद जमत. कोणी काही वाचून दाखवी, कोणाच्या घरी आजारपण असेल तर रुग्णालयात कोण बसणार हे ठरे, कोणाच्या मुलीच्या लग्नात वाढायला कोण जाणार हे ठरे. मग चहा होई आणि माणसे पांगत.

मंडळात प्रवेशाची रीत वेगळी होती. कोणी अर्ज करायचा नाही. निदान सहा बैठकांना पाहुणा म्हणून येऊन बसलेल्या माणसाच्या घरी एखाद्या सभासदाने जायचे, त्याच्यापुढे विडा ठेवायचा आणि ‘या’ म्हणायचे. त्याने विडा खाल्ला की तो बंधू झाला. विडा मागून घेण्याची मुभा कोणालाही नव्हती. संस्थापकांचे म्हणणे असे की, जो मागून येतो तो पुढे हिशेब मागतो; जो बोलावल्याने येतो तो राहतो.

हजेरीची रीत त्याहून निराळी होती. आलेल्यांची नावे कोणी वाचत नसे. चिटणीस यादी उघडून न आलेल्यांची नावे तेवढी मोठ्याने वाचत, आणि ती एका वहीत लिहिली जात. त्या प्रत्येकाच्या घरी आठ दिवसांच्या आत कोणीतरी जाऊन आलेच पाहिजे असा दंडक होता. हीच विचारपूस. चाळीसएक वर्षे तिचा बहुतेक भार सूर्यभानजींनी वाहिला.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. का आला नाहीत, हा प्रश्न ते कधी विचारीत नसत. आधी पाणी मागत. मग बैठकीत काय झाले ते निवांत सांगत, आणि उठता उठता त्या माणसाकडे काहीतरी काम सोपवीत. बाळापूरचे एक शिक्षक मुलाच्या वर्तनाने खजील होऊन वर्षभर घराबाहेर पडेनासे झाले होते. सूर्यभानजी त्यांच्याकडे अकरा वेळा गेले. अकराव्या खेपेस त्यांनी मंडळाचा फुटलेला फळा नेला आणि म्हणाले, “गुरुजी, याले रंग द्यायचा हाये. दुसऱ्या कोनाले जमत नाही.” गुरुजी पुढच्या रविवारी फळा घेऊन आले, आणि फळा टांगण्यापुरते आलेले ते चहा घेतल्याशिवाय जाऊ शकले नाहीत. दोन भावांचा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, तंटा झाला आणि धाकटा ‘तो येते तिथं मी येत नाही’ म्हणाला, तेव्हा सूर्यभानजींनी त्याच्याकडे सभागृहाची किल्ली ठेवली. आता तो आल्याशिवाय थोरल्याला बाहेर उभे राहावे लागे. लोकांना वाटे, हा चातुर्याचा भाग आहे. चातुर्य त्यात होतेच. पण त्याखाली एक पक्की समजूत होती की, माणूस आग्रहाने एकदा येतो आणि उपयोगी पडला की पुन्हा येतो.

इतके करूनही काळाने आपले काम केले. मुले पुण्याला, सुरतेला, त्याहून दूर गेली आणि म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन गेली. कधी काळी शंभरावर असलेले सभासद चौतीसवर आले. तेव्हा एका जुन्या कागदाची आठवण सर्वांना झाली.

सभागृहाची जागा एका कापसाच्या अडत्याने दिलेली होती. गृहस्थ उदार होता, पण विचाराने पक्का. त्याने दानपत्रात लिहून ठेवले होते की, मार्गशीर्षातील वार्षिक सभेला ‘स्वतः चालत आलेले एकवीस सभासद’ नसतील, आणि असे लागोपाठ दोन वर्षे घडेल, तर जागा घराण्याकडे परत यावी. ओस पडलेल्या मंडळाने कुलूप लावून जागा अडवू नये, हा त्याचा हेतू. दोन हजार बावीसच्या मार्गशीर्षात यादीतले एकोणीस जण आले. पुढल्या वर्षी तसेच झाले तर ब्याऐंशी वर्षांची जागा जाणार होती.

ते सारे वर्ष सूर्यभानजी हिंडले. अमरावतीला एक सभासद खाटेला खिळले होते, त्यांना दानपत्रातील शब्द ऐकवले तेव्हा ते म्हणाले, “चालत नाही येत, भाऊ. खाटेसकट न्या अन् दारापासून ढकलून द्या.” दोघेही हसले, आणि सूर्यभानजींनी त्यांच्या नावापुढे फुली केली. श्रावणजींचे गुडघे गेलेले. तरी ते म्हणाले, रांगत येईन, पण येईन. दोन तरुण पाहुणे म्हणून येऊ लागले होते. परंतु सभेच्या दिवसापर्यंत त्यांच्या सहा बैठका भरत नव्हत्या. कार्तिक उजाडला तेव्हा यादीतल्या नक्की येणाऱ्यांची गणती वीस होती.

मंडळाचे चिटणीस विपुल हे तिशीतील प्राध्यापक. जुनी यादी जीर्ण झाली म्हणून त्यांनी ती संगणकावर उतरवायला घेतली. एका सकाळी सूर्यभानजींच्या ओट्यावर बसून ते एकेक नाव वाचू लागले. चौतीस नावे झाली आणि सूर्यभानजी म्हणाले, रऊफभाई राहिले. विपुल यांनी यादी पुन्हा वरून खाली पाहिली, मागची जुनी वही पाहिली, तिच्याही मागची पाहिली. रऊफ हे नाव कुठेच नव्हते.

रऊफभाई म्हणजे गाद्या-रजया भरणारे पिंजारी. एकतीस वर्षांपूर्वी ते सभागृहाच्या गाद्या भरायला आले होते. कोणीतरी चहाला बसवले, वाचन चालू होते, ते ऐकत राहिले. पुढच्या महिन्यात आपण होऊन आले. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी ते दाराजवळच्या खांबाशी बसत. सतरंज्या तेच घालत आणि तेच उचलत. रुग्णालयात रात्री तेच जागत. विचारपुशीलाही ते कित्येकदा सूर्यभानजींच्या बरोबर गेलेले. सर्वांना वाटे की त्यांना कोणीतरी विडा दिलेला आहे. कोणी दिला, हे विचारण्याचा प्रसंगच आला नाही. कारण यादीतून वाचली जात ती न आलेल्यांची नावे, आणि रऊफभाई सदैव आलेले असत.

शाळिग्रामाला आवाहन करीत नाहीत. तो नित्य सन्निहित मानला जातो. त्याला ‘ये’ म्हणणे म्हणजे तो नव्हता असे म्हणण्यासारखे आहे. देवाच्या ठायी हा विचार शोभून दिसतो. माणसाच्या ठायी तो लावला की अन्याय होतो, आणि ज्याच्यावर होतो तो सर्वांत जवळ बसलेला असतो.

विपुल यांना मात्र आनंद झाला. सहा बैठकांची अट रऊफभाईंनी साठपट पुरी केली होती. विडा द्यायचा, की झाले एकवीस. सूर्यभानजींनाही क्षणभर तसेच वाटले. ईश्वराने हातचा राखून ठेवलेला अंक हाती दिला, अशा भावनेने त्यांनी दुर्गाबाईंकडून विडा लावून घेतला आणि त्याच दुपारी ते निघाले.

थंडी सुरू झाली होती आणि रऊफभाईंच्या पत्र्याच्या शेडमध्ये रजयांची घाई होती. पिंजण्याचे यंत्र बंद करून त्यांनी पाहुण्याला खुर्ची दिली. त्यांच्या भुवयांवर, मिशीवर कापसाचे तंतू बसले होते. सूर्यभानजींनी फडके सोडून विडा पुढे ठेवला आणि चूक झाली हे सांगितले. सभा पुढल्या महिन्यात आहे आणि नक्की येणारे वीसच आहेत, हेही सांगितले. रऊफभाईंनी विड्याकडे पाहिले, त्याला हात लावला नाही.

“भाऊ, वीस झाले म्हनता?”

“हाव. वीस पक्के.”

“एकवीस झाले असते तं आज आले असते का तुमी?”

 आतून रऊफभाईंच्या पत्नी खुर्शीदबी बाहेर आल्या. त्या सभासदांच्या घरच्या बायकांमध्ये मिसळणाऱ्या, स्पष्ट बोलणाऱ्या बाई. त्या म्हणाल्या, “सात सालाआधी यायले मियादी बुखार होता. सोळा दिवस. यायचा रविवार चुकला. मी रोज दाराकडे पाहत जाऊ. म्हनलं, मंडळाचे लोक येतीन. सगळ्यायच्या घरी जातेत न ते. हेच तं जात जायचे तुमच्या संगं. कोनी आलं नाही, भाऊ.”

तो भाद्रपद सूर्यभानजींना आठवत होता. खांबाजवळची जागा रिकामी दिसली होती हेही आठवत होते. पण चिटणिसांनी सात नावे वाचली, त्यांतल्या पाच घरी आपण गेलो, आणि न वाचलेल्या आठव्याकडे, रऊफभाईंकडे, दुसरे कोणी गेले असेल असे धरून चाललो.

रऊफभाई रागावले नव्हते. त्यांनी फडके पुन्हा नीट गुंडाळले, विडा सूर्यभानजींच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाले, “सभा होऊ द्या. मंग या. तवा मले समजन, मानूस पायजे होता का आकडा.”

घरी येऊन सूर्यभानजींनी सारे दुर्गाबाईंना सांगितले. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. शेवटी त्यांनी पत्नीला एक प्रश्न विचारला: रऊफभाईच्या जागी आपल्या जातीतला कोणी असता, तर एकतीस वर्षांत एकदा तरी कोणी विचारले असते काय? मंडळाच्या पाच संस्थापकांत एक हकीमसाहेब होते, जुन्या यादीत मुसलमानांची नावे डझनभर होती. तेव्हा नियम कोणाच्या आड येत नव्हता. पण नियम आड येत नसतानाही माणूस राहून जातो, त्याचे काय? दुर्गाबाई म्हणाल्या, “मले काय मालूम. तुमी सोताले पुसून राहिले, हे बरं हाये. पुसतच राहा.”

उरलेल्या पाच आठवड्यांत एकविसावा सभासद मिळवण्याचा प्रयत्न त्यांनी सोडला नाही. सुरतेला फोन केला, पुण्याला केला. एकाची शस्त्रक्रिया होती, एकाला नातवाला सोडून येता येत नव्हते, एकाने फोन मुलाच्या हाती दिला. विपुल यांनी मात्र या काळात रऊफभाईंचा विषय काढला नाही; त्यांना खात्री होती की ऐन वेळी सारे जुळेल.

सभेच्या दिवशी वीसच्या वीस आले. श्रावणजी पहाटेच्या गाडीने आले, आणि फाटकापासून दारापर्यंतचे वीस पावलांचे अंतर, दानपत्राचा मान राखण्यासाठी, कोणाचा हात न धरता चालले. बाळापूरचे गुरुजी आले, किल्लीवाले धाकटे आणि त्यांच्याशी न बोलणारे थोरले आले. अडत्याचे नातू अमोल अमरावतीहून आले होते. सभ्य माणूस, घराण्याच्या वतीने हजेरी पाहून कागदावर सही करण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि ते त्यांना आवडत नव्हते हे दिसत होते. दोघे तरुण पाहुणे त्या दिवशी आले नव्हते. रऊफभाई नेहमीसारखे आले, सतरंज्या घातल्या आणि खांबाशी बसले.

अमोल यांनी एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, “मले तं एकवीस डोके दिसून राहिले. लिहू का?”

सभागृहात सुटकेचा निःश्वास उमटला. विपुल यांनी लेखणी काढलीच होती; ते सूर्यभानजींकडे वाकून हळूच म्हणाले, की रऊफभाई आलेले आहेत, नाही म्हणत नाहीत, नाव मी लिहितो, विडा उद्या देऊ. बोलणे खोटे नव्हते. रऊफभाई मान खाली घालून आपल्या हाताला चिकटलेला कापूस काढीत होते. ते काही बोलले असते तर प्रश्न मिटला असता, आणि कदाचित ते बोललेही असते. सूर्यभानजींनी त्यांना तेवढा अवधी दिला नाही. ते उठून उभे राहिले.

“वीस हायेत,” ते म्हणाले. “रऊफभाईले आपन अजून नीट बोलावलं नाही. ते आपले पाव्हने हायेत. पाव्हन्याले मोजत नसतेत.”

अमोल यांनी पुन्हा एकदा विचारले. सूर्यभानजींनी तेच उत्तर दिले. मग अमोल यांनी वीस हा आकडा लिहिला, खाली सही केली आणि चहा न घेताच निघाले, कारण त्यांना तिथे बसवेना.

मागे राहिलेल्यांत पुष्कळ कुरबूर झाली. किल्लीवाले धाकटे म्हणाले, “एका पानाच्या विड्यापाई ब्याऐंशी वर्षं घालवले, भाऊ तुमी.” थोरल्यांनी कित्येक वर्षांनी प्रथमच भावाच्या म्हणण्याला मान डोलावली. सूर्यभानजींनी सर्वांचे ऐकून घेतले.  चहा झाला, सतरंज्या रऊफभाईंनी घड्या करून कोपऱ्यात रचल्या, आणि तेही गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यभानजी पुन्हा त्या शेडमध्ये गेले. या खेपेस त्यांनी लगेच पिशवी उघडली नाही. आधी पाणी मागितले. खुर्शीदबींनी पाणी दिले, ते प्यायल्यावर त्यांनी विचारले, “रऊफभाई, तुमचा एक रविवार चुकला होता. भादव्यात. पुसाले सात वर्षं उशीर झाला. बुखार कसा हाये आता?”

रऊफभाईंनी हातातला कापूस बाजूला ठेवला. मग म्हणाले, “उतरला. सोळाव्या दिवशी उतरला.”

“अशक्तपना?”

“होता महिनाभर. पोरीनं लय सेवा केली. आता ठीक हाये.”

खुर्शीदबी आत गेल्या आणि चहाचे आधण चढल्याचा आवाज आला. सूर्यभानजींनी त्या महिन्याच्या बैठकीत काय झाले होते ते आठवेल तसे सांगितले: कोणाचे वाचन झाले, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, छप्पर कुठे गळत होते. हे सांगून झाल्यावरच त्यांनी फडके सोडले आणि विडा पुढे ठेवला. “जागा गेली,” ते म्हणाले. “मंडळ हाये. या.”

चहा घेऊन आलेल्या खुर्शीदबी म्हणाल्या, “आता यायच्यापाशी कायच राहिलं नाही. आता खा.”

रऊफभाईंनी विडा तोंडात ठेवला. थोड्या वेळाने, गाल भरलेला असतानाच, ते म्हणाले, “मले वाटलं काल तुमी लिहू देता.”

“मोह झालता,” सूर्यभानजी म्हणाले. “लय झालता.”

हे वाक्य त्यांनी नंतर विपुल यांनाही जसेच्या तसे सांगितले. थोरांच्या चरित्रांत मोह जिंकल्याचे वर्णन येते तेव्हा मोह लहान असल्यासारखा वाटतो. सूर्यभानजींना त्या जागेविषयी जे वाटत होते ते लहान नव्हते. त्यांचे स्वतःचे नाव तिथेच यादीत चढले होते, त्यांच्या वडिलांचे वर्षश्राद्ध तिथे झाले होते, आणि तेहतीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्या रविवारची रजा मिळावी म्हणून त्यांनी कित्येकदा सणाची रजा सोडली होती. माघात किल्ली परत द्यायला ते स्वतः अमरावतीला गेले. किल्ली देताना त्यांनी अमोल यांना बैठकीला येण्याविषयी सुचवले, आणि ते पुढे दोनदा येऊन गेले.

माघाची बैठक रऊफभाईंच्या शेडमध्ये झाली. रजयांचा हंगाम ओसरत आला होता, तरी पिंजलेल्या कापसाचे ढीग होते. सभासद ढिगांच्या मधून वाट काढून बसले आणि जाताना सर्वांचे केस पांढरे होते. श्रावणजी म्हणाले, बरे झाले, आता कोण म्हातारा आणि कोण जवान ते ओळखू येत नाही. दोन्ही तरुण पाहुण्यांच्या सहा बैठका तिथेच भरल्या. त्या दिवशी तीन नावे वाचली गेली: दोघे भाऊ आणि एक जुने व्यापारी. जागा गेल्याच्या रागाने ते आले नव्हते. सूर्यभानजी आणि रऊफभाई त्या आठवड्यात तिघांच्याही घरी गेले. थोरला भाऊ पुढल्या महिन्यात आला, धाकटा चैत्रात. व्यापारी आले नाहीत. त्यांच्याकडे सूर्यभानजी शेवटपर्यंत जात राहिले. ते दर वेळी चहा देत आणि दर वेळी नाही म्हणत.

एक बदल मात्र सूर्यभानजींनी आग्रहाने करून घेतला. बैठकीच्या आरंभी आता आलेल्यांचीही नावे वाचली जातात. पहिल्या वेळी हे वाचन चालले असताना माणसे संकोचली. आपले नाव ऐकून काहींनी उगाच हात वर केला. विपुल यांना वाटले होते की वेळ फुकट जाईल. वाचायला चार मिनिटे लागली.

पुढची दीड वर्षे सूर्यभानजी अखंड हिंडत राहिले. नव्या माणसाला पाहुणा म्हणून आणायचे, सहा बैठका पाहायच्या, मग त्याच्या घरी जायचे, हा त्यांचा क्रम सुटला नाही. फक्त आता ते दर वेळी निघण्यापूर्वी सोबतच्या माणसाला विचारीत, की आपल्या अगदी शेजारी बसणारे कोणी राहून तर गेले नाही ना. कधीकधी खरोखरच राहिलेले असे. सभागृहासमोर चहाची टपरी चालवणाऱ्या माणिकबाई वीस वर्षे मंडळाला चहा पुरवीत होत्या, आणि बैठकीतले बोलणे दारातून ऐकून त्यावर आपले मत ठणकावून सांगत होत्या. मंडळात बाई कधी नव्हती. नसावी असेही कुठे लिहिलेले नव्हते. सूर्यभानजींनी दुर्गाबाईंना बरोबर नेले आणि माणिकबाईंच्या घरी विडा ठेवला. माणिकबाईंनी तो खाल्ला आणि म्हणाल्या, “म्हंजे आता चहा दुसऱ्या कोनी आनायचा.” परतताना दुर्गाबाई सूर्यभानजींना एवढेच म्हणाल्या, की घरातल्या माणसाकडे कधी येता ते सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यभानजी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आपल्याच घराच्या पुढल्या दाराने आत आले, पाणी मागितले आणि त्यांच्यापुढे विडा ठेवला. तो विडा आदल्या रात्री दुर्गाबाईंनीच लावलेला होता, आणि त्यात चुना जास्त झाला आहे असे त्या म्हणाल्या.

दोन हजार पंचवीसच्या आषाढात, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आठ दिवसांच्या तापाने सूर्यभानजी गेले. त्यांच्यामागे दुर्गाबाई आहेत. सौहार्द मंडळाला आज स्वतःची जागा नाही. सभासद एकोणचाळीस आहेत आणि ते महिन्यातून एकदा एकमेकांच्या घरी बसतात.